राजपुत्राची मातीची खोली

मुलांनो, मागे एकदा मी माझ्या चौथीच्या वर्गाला निबंध लिहायला दिला होता. विषय होता, 'मी राजपुत्र किंवा राजकन्या झाले तर...'. फळ्यावर विषय लिहायचा अवकाश, पोरं माना खाली घालून लिहायलाच लागली. एरवी 'दहा ओळी लिहा' म्हटलं की 'बाई, पाच चालतील का?' असं विचारणारी मंडळी, पण त्या दिवशी दोन दोन पानं भरून मोकळी झाली.

संध्याकाळी घरी वह्या तपासताना माझी चांगलीच करमणूक झाली. एकाने लिहिले होते, 'मी राजपुत्र झालो तर शाळा बंद करीन, पण मधली सुट्टी चालू ठेवीन.' एकीला रोज श्रीखंड-पुरी हवी होती. कुणाला पांढरा घोडा, कुणाला खिडकीतून दिसणारा स्वतःचा धबधबा! पण एका गोष्टीवर सगळ्या वर्गाचं एकमत होतं. राजपुत्राला परीक्षा नसते!

दुसऱ्या दिवशी वह्या परत देताना मी म्हटलं, "तुम्हांला एका खऱ्या राजपुत्राची गोष्ट सांगते. त्याने सम्राटाला अर्ज लिहिला होता. 'महाराज, आम्हां राजघराण्यातल्या मुलांना परीक्षेला बसू द्या!'"

"काऽऽय?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

तीच गोष्ट आज तुम्हांलाही सांगते. गोष्ट चीनमधली आहे, सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथे मिंग घराण्याचे राज्य होते. राजपुत्राचे नाव चू त्साइ-यू. जन्म १५३६ सालचा.

आधी हे नावच बघा. 'चू' हे आडनाव, चिनी माणसे ते आधी लावतात. 'त्साइ' हा शब्द त्याच्या पिढीचा. घराण्याच्या मूळ पुरुषाने प्रत्येक शाखेला वीस शब्द ठरवून दिले होते. एका पिढीतल्या सगळ्या मुलांच्या नावात एकच शब्द यायचा, पुढच्या पिढीच्या नावात पुढचा. आणि शेवटचे अक्षर? त्यात लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाच तत्त्वांपैकी एकाची खूण असायचीच. आजोबांच्या नावात लाकूड होते, वडिलांच्या नावात अग्नी. त्साइ-यूच्या वाट्याला माती आली. त्याच्या नावातल्या 'यू'चा अर्थच मुळी सुपीक जमीन. पुढे त्याला मुलगा झाला, त्याच्या नावात धातू आला. म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच त्याचे निम्मे नाव ठरलेले! उरलेल्या नावालाही दरबाराची मंजुरी लागायची.

नावासारखेच जगणेही ठरलेले होते. सम्राटाचा थोरला मुलगा राजधानीत राहून पुढे सम्राट व्हायचा. बाकीच्या राजपुत्रांना दूरदूरच्या शहरांत वाडे बांधून देत आणि तिकडे पाठवून देत. त्यांचे वंशज पिढ्यान् पिढ्या तिथेच राहायचे. त्साइ-यूचे घराणे 'चंग'चे राजे म्हणून ओळखले जाई. त्यांचा वाडा हनान प्रांतात होता. त्या गावाला आज छिन-यांग म्हणतात. उत्तरेला ताइहांगचे डोंगर आणि दक्षिणेला पीत नदी.

पहिल्या दर्जाच्या राजपुत्राला दरबारातून वर्षाला दहा हजार मापे धान्य मिळायचे. एक माप म्हणजे सुमारे शंभर लिटर. खायची-प्यायची ददात नाही. पण नियम ऐका. सम्राटाच्या परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचे नाही. दोन राजांनी एकमेकांना भेटायचे नाही. सरकारी नोकरी करायची नाही. व्यापार करायचा नाही. आणि अर्थातच परीक्षा द्यायची नाही. कारण चीनमध्ये परीक्षा पास होणारा माणूस सरकारी अधिकारी व्हायचा. शेतकऱ्याचा मुलगासुद्धा अभ्यासाच्या जोरावर मोठा अधिकारी होऊ शकत होता, पण राजाचा मुलगा नाही!

असे का? तर भीती. १३९९ मध्ये एका राजपुत्राने आपल्या पुतण्याविरुद्ध, म्हणजे सम्राटाविरुद्धच बंड केले आणि १४०२ मध्ये गादी बळकावली. काका-पुतण्याची अशी भांडणे आपल्या पेशवाईतही झाली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. गादीवर बसल्यावर या काकांनाच धास्ती पडली, की जे मी केले ते उद्या दुसरा कुणी करील. तेव्हापासून राजपुत्रांचे सैन्य काढून घेत गेले आणि पोटभर धान्य देऊन त्यांना एका जागी बसवून ठेवले.

पण नुसतं बसून खाणाऱ्यांची संख्या किती वाढावी? १५६२ मध्ये एका अधिकाऱ्याने सम्राटाला स्पष्टच लिहिले, की सगळ्या देशातून राजधानीला वर्षाला चाळीस लाख मापे धान्य येते आणि राजघराण्याच्या भत्त्यांसाठी लागते पंच्याऐंशी लाखांहून अधिक मापे! चौथीच्या मुलांनाही कळेल की हा हिशेब जुळायचा नाही. घराण्यातल्या लांबच्या, गरीब शाखांवर तर उपाशी राहायची वेळ यायची. 'काम करतो' म्हणायची त्यांना सोय नव्हती.

"बाई, म्हणजे ती मोठी कैदच की!" एकजण म्हणाला. मी मान डोलावली. मघाशी ज्याने शाळा बंद केली होती, तोच होता तो.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्साइ-यूचे वडील चू हौ-वान हे चंगचे राजे. राजा असूनही साधे सुती कपडे घालणारे आणि साधा भाजीपाला जेवणारे. त्या वेळचा सम्राट चिया-चिंग अमर होण्याच्या नादी लागला होता. पूजा, होम, औषधी गुटिका आणि नवनवी मंदिरे यातच त्याचा वेळ जाई. राज्यकारभाराकडे लक्ष नाही. १५४८ मध्ये हौ-वान यांनी त्याला पत्र लिहिले. हे सोडा, अभ्यास करा, वागणे सुधारा, असे सरळ सांगितले. सम्राट इतका संतापला, की पत्र घेऊन आलेल्या माणसालाच त्याने तुरुंगात टाकले.

ही संधी एका नातेवाइकाने साधली. हौ-वान यांच्याच भाऊबंदांपैकी तो, नात्याने त्साइ-यूचा चुलत आजोबा. त्याच्या शाखेची पदवी पूर्वी एका गुन्ह्याबद्दल काढून घेतली होती. ती परत मिळावी म्हणून हौ-वान यांनी सम्राटाकडे शब्द टाकावा, असे त्याचे म्हणणे होते. त्यांनी टाकला नाही. तो राग मनात होताच. १५५० मध्ये त्याने हौ-वान यांच्यावर चाळीस आरोपांची यादी सम्राटाकडे धाडली. त्यातला सगळ्यांत मोठा आरोप राजद्रोहाचा. चौकशी झाली. राजद्रोह काही सिद्ध झाला नाही, पण सम्राटाचा राग होताच. हौ-वान यांची पदवी गेली आणि त्यांना दूर फंग-यांगला राजघराण्याच्या तुरुंगात डांबले.

त्साइ-यू तेव्हा चौदा वर्षांचा होता. म्हणजे आपल्या आठवी-नववीतल्या मुलाएवढा. त्याने काय केले असेल? तो रडला असेल, चिडला असेल. ते कुणी लिहून ठेवलेले नाही. लिहून ठेवले आहे ते एवढेच, की त्याने वाड्याच्या दाराबाहेर मातीची एक खोली बांधली आणि गवताची चटई अंथरून तो तिथे एकटा राहू लागला. वडील तुरुंगात असताना मी वाड्यात राहणार नाही, असा त्याचा निश्चय. मिंग घराण्याच्या इतिहासात लिहिले आहे, की तो तिथे एकोणीस वर्षे राहिला.

मी फळ्यावर आकडे लिहिले. वडिलांना शिक्षा १५५०, सुटका १५६७. लगेच एक हात वर. "बाई, सतराच होतात!" मला फार बरं वाटलं. पुस्तकात छापलंय म्हणून न मानता स्वतः वजाबाकी करणारी मुलं मला आवडतात. मग मी १५४८ हा आकडा लिहिला. वडिलांनी पत्र लिहिले, सम्राटाची खप्पामर्जी झाली, तिथपासून मोजले तर बरोबर एकोणीस होतात. पण सतरा म्हणा की एकोणीस, चौदा वर्षांचा मुलगा एकतीस वर्षांचा होईपर्यंतचा हा काळ!

एवढी वर्षे एका खोलीत माणूस काय करील? त्साइ-यूने अभ्यास केला. गणित, पंचांग, संगीत. १५६० मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, 'से' नावाच्या तंतुवाद्यावर त्याने एक पुस्तकही लिहिले. १५६७ मध्ये चिया-चिंग वारला, नव्या सम्राटाने हौ-वान यांना सोडले, पदवी परत दिली. तेव्हाच त्साइ-यूने वाड्यात पाऊल टाकले.

आता तुम्ही म्हणाल, चीनच्या राजपुत्राची गोष्ट आमच्या बाईंना कुठे सापडली? तर सापडली शाळेच्या पेटीत! पेटी म्हणजे हार्मोनियम. परिपाठाला मी पेटी वाजवते. तिची एक पट्टी अडकायला लागली, म्हणून पेटीविषयी थोडं वाचायला घेतलं आणि वाचता वाचता या राजपुत्रापर्यंत येऊन पोचले.

पेटीवर 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत पांढऱ्या-काळ्या मिळून बारा पायऱ्या असतात. तार अर्धी केली की वरचा 'सा' मिळतो, हे चीनमध्ये आणि आपल्याकडेही फार पूर्वीपासून माहीत होते. मधल्या पायऱ्या काढायची चिनी लोकांची एक जुनी रीत होती. लांबीचे तीन भाग करायचे, एक भाग कमी करायचा, मग पुन्हा तीन भाग करून एक वाढवायचा, असे करत जायचे. पण गंमत अशी, की बारा पायऱ्या झाल्या तरी वरचा 'सा' नेमका येत नाही. थोडासा चुकतोच. घराचा जिना चढावा आणि शेवटची पायरी माडीच्या जमिनीला मिळू नये, तसे. दीड हजार वर्षांहून अधिक काळ पंडितांनी या चुकीशी झटापट केली.

त्साइ-यूने विचार केला, की बाराही पायऱ्या अगदी सारख्या केल्या तर? असा एक आकडा शोधायचा, की तो बारा वेळा मांडून गुणाकार केला तर उत्तर बरोबर २ आले पाहिजे. वरच्या वर्गातल्या ताई-दादांनो, त्याने तो कसा काढला पाहा. २ चे वर्गमूळ काढले. त्याचे पुन्हा वर्गमूळ काढले. मग त्याचे घनमूळ काढले. उत्तर आले १.०५९४६३... दशांश चिन्हाच्या पुढे चोवीस घरांपर्यंत त्याने ते काढले! कशावर? तर मण्यांच्या पाटीवर. तुमच्यापैकी काहीजण अबॅकसच्या क्लासला जातात ना? मुळे काढायची तर ८१ घरांची मोठी पाटी करून घ्या, असे त्याने लिहूनच ठेवले आहे. घरी गणकयंत्र असेल तर १.०५९४६३ हा आकडा बारा वेळा मांडून गुणून पाहा. उत्तर जवळजवळ २ येते की नाही?

ही रीत त्याने १५८४ च्या पुस्तकात मांडली. युरोपात सायमन स्टेविन नावाच्या नेदरलँड्समधल्या गणितज्ञानेही त्याच काळात असाच हिशेब केला, पण त्याचे आकडे इतके अचूक नव्हते. त्साइ-यू नुसत्या आकड्यांवर थांबला नाही. फुंकून वाजवायच्या नळ्यांची लांबी बदलताना रुंदीही बदलावी लागते, हे ओळखून त्याने त्यांचीही मापे दिली. १६०६ मध्ये संगीतावरच्या आपल्या ग्रंथांचा संच त्याने सम्राटाला अर्पण केला. दरबाराने तो ठेवून घेतला. ठेवून घेतला एवढेच! दरबारी वाद्ये काही त्या हिशेबाने घडली नाहीत. आज मात्र पियानो असो की आपली पेटी, बहुतेक ठिकाणी पायऱ्या त्याच आकड्याने लावलेल्या असतात. आपल्या गवयांची यावर तक्रार असते, की पेटीचा गंधार खऱ्या गंधारापेक्षा जरा चढा लागतो. तक्रार खरी आहे. पण सारख्या पायऱ्यांचा एक मोठा फायदाही आहे. कुठल्याही पट्टीला 'सा' धरा, गाणं तेच राहतं. ज्याचा आवाज जिथे लागतो, तिथून त्याला गाता येतं.

आणि परीक्षेचा तो अर्ज? तो १५९४ मधला. राजघराण्यातल्या मुलांना इतरांसारखे परीक्षेला बसू द्या आणि पास होतील त्यांना कुवतीप्रमाणे काम द्या, अशी मागणी त्याने केली. सम्राटाने ती मान्यही केली.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण शेवट अजून राहिला आहे.

१५९१ मध्ये वडील वारले. आता चंगचा राजा त्साइ-यू. पण त्याने सम्राटाला लिहिले, की मला ही गादी नको. आमच्या घराण्यात ती दुसरी शाखा थोरली आहे, म्हणून मान तिचा आहे. ती शाखा कुठली? ज्याने वडिलांवर चाळीस आरोप केले होते, त्याची! दरबारी म्हणाले, तुमची शाखा तीन पिढ्या गादीवर आहे, तुम्हांला नको असेल तर मुलाला बसवा. तो म्हणाला, मुलालाही नको. अर्जावर अर्ज करत सुमारे पंधरा वर्षे तो आपले म्हणणे धरून राहिला. शेवटी सम्राटाने ऐकले. आरोप करणाऱ्याच्या नातवाला चंगची गादी मिळाली. त्साइ-यूला आणि त्याच्या मुलाला जन्मभराचा भत्ता तेवढा मिळाला. १६११ मध्ये तो वारला.

वर्ग शांत झाला. मग एकजण म्हणाला, "बाई, तो वेडाच होता. शत्रूच्या नातवाला कुणी राज्य देतं का?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पण नातवाने कुठे काय केलं होतं?"

मला एकदम उत्तर सुचेना. मी 'बसा' म्हटलं आणि खडू उगीचच शोधत राहिले.

त्याचं कारण मोठं माणूस म्हणून सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी आठवीत असताना माझ्या वडिलांवर हिशेबात घोळ केल्याची तक्रार झाली होती. ते कामावरून घरी बसले. तक्रार करणारे त्यांचेच चुलतभाऊ. मूळ भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. दीड वर्ष चौकशी चालली, घोळ काही निघाला नाही आणि वडील पुन्हा कामावर गेले. पण दोन घरांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. ते काका आता नाहीत. आणि तिसऱ्या बाकावरची ती मुलगी त्यांची नात आहे. तिला यातलं काहीच ठाऊक नाही.

मी तिला कधी रागावले नाही, मारलं नाही. गुण कापले नाहीत. तिच्याशी मी नीटच वागते, असं मला वाटायचं. पण तिचा आवाज उंच आणि स्वच्छ आहे. मी पेटी रोज काळी एकला धरते. दोन-तीनदा ती म्हणाली होती, "बाई, मला खालचं लागत नाही." आणि मी म्हटलं होतं, "मग मागे उभी राहा."

एवढंच. पण वर्षभर ती मागे उभी होती.

त्या रात्री मी वडिलांना फोन केला. राजपुत्राची गोष्ट सांगितली, मुलीचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याने केलं ते वाईटच. पण पाण्याच्या पाळीचं त्याचं म्हणणं बरोबर होतं गं. आम्ही ऐकून घेतलं नाही." इतक्या वर्षांत ही गोष्ट मला त्यांनी पहिल्यांदाच सांगितली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी पेटी काळी पाचला धरली आणि तिला पुढे बोलावलं. तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला बोलावलंय असं वाटून. मग आली. प्रार्थना तीच होती, चाल तीच होती. दोन ओळी झाल्यावर इतर मुलंही तिच्यामागे गाऊ लागली.

परिपाठ संपल्यावर काही मुलगे तक्रार घेऊन आलेच. "बाई, आज फार वर गेलं, आमचा आवाज फाटला!"

"बरं," मी म्हटलं, "उद्या तुमच्यासाठी खाली आणू. परवा परत तिच्यासाठी वर."

पायऱ्या सारख्या असल्या की हे जमतं.